चिलखत घासायचं कोण?

माझ्या उजव्या मनगटाची जी वाट लागली त्याला रोमन साम्राज्य जबाबदार आहे, असं मी डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि कागदावर 'भांडी, धुणं, कणीक बंद' एवढंच लिहिलं. परभणीच्या डॉक्टरांना रोमन लोकांशी काही देणंघेणं नसतं. सोनपेठ तालुक्यातल्या आमच्या गावालाही नव्हतं. ते मी लावून घेतलं.

मी गावातल्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. गणिताच्या सरांना लोक शिकवणी घेता का म्हणून विचारतात, इंग्रजीच्या मॅडमकडून अर्ज लिहून घेतात. मला फार तर कोणती जयंती कधी आहे ते विचारतात, आणि तेही भिंतीवरच्या कॅलेंडरात असतं.

आमचे हे त्याच शाळेत पी.टी.चे सर आहेत. शाळेत मी त्यांना 'सर' म्हणते, घरी 'अहो' म्हणते, आणि मनात काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. गळ्यात शिट्टी, पायात पांढरेशुभ्र बूट, आणि आठवड्यातून एकदा परिपाठानंतर ठरलेलं भाषण: आपलं काम आपण करावं, स्वावलंबी व्हावं, आळस हा शत्रू आहे. हे भाषण ठोकणारा माणूस घरी जेवण झालं की ताटातच हात धुतो, ताट आहे तिथेच सोडतो आणि रस्त्याकडच्या ओट्यावर जाऊन बसतो. लग्नाला चौदा वर्षं झाली. त्या ताटाचं पुढे काय होतं, याबद्दल त्यांना एकदाही कुतूहल वाटलेलं नाही.

आता रोमन लोक कुठून आले ते सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोबाइलवर एक दाढीवाला परदेशी माणूस चिलखत घासताना दिसला, आणि मी महिनाभर तेच बघत बसले. लोखंडाच्या आडव्या पट्ट्या ठोकून एकीवर एक चढवायच्या, आतून चामड्याच्या वाद्यांनी जोडायच्या, हातोड्याचे वण घासून काढायचे. मग वाळू, मग झिजवायला सछिद्र दगड, म्हणजे आपण टाच घासतो ती वजरीच, आणि शेवटी तेल. पितळेच्या टोपावर कधीकधी कथलाचा मुलामा, म्हणजे सरळ सरळ आपली कल्हई. पावसात, घामात लोखंड गंजतं, म्हणून हे घासणं कधी संपायचं नाही. ज्याचं चिलखत गंजकं दिसेल त्याच्या पाठीत अधिकाऱ्याची द्राक्षवेलाची छडी बसायची. चिलखत आरशासारखं चमकायचं की सैनिक ते काळसर ठेवायचे, यावर विद्वानांचं अजून भांडण चालू आहे. ते विद्वान स्वतः काही घासत नसणार, हे त्यांच्या भांडणाच्या लांबीवरून कळतं.

शाळा सुरू झाल्यावर एका मोकळ्या तासाला हे सगळं मी नववीच्या वर्गाला रंगवून सांगितलं. मुलं लढाया कधी येतात याची वाट बघत होती. मुलींच्या बाजूने हात वर आला.

"मॅडम, पण घासायचं कोण?"

"सैनिक. ज्याचं त्यानं."

"म्हंजे? तिथं बायका न्हवत्या का?"

"छावणीत नव्हत्या. असत्या तरी चिलखत सैनिकालाच घासावं लागायचं."

"गडी मानूस? सोता?" मागच्या बाकावरची एक म्हणाली, आणि सगळ्या मुली अशा हसल्या की शेजारच्या वर्गाचे सर डोकावून गेले. याच मुलींना मी आदल्या आठवड्यात एक सेनापती हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडून गेला असं सांगितलं होतं. ते त्यांना लगेच पटलं होतं. पुरुषानं स्वतःची वस्तू स्वतः घासली, हे मात्र त्यांना काही केल्या पटेना. मला हसण्याचा राग आला नाही, त्यांच्या खात्रीचा आला. मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की यंदाच्या गॅदरिंगला खरं लोखंडी रोमन चिलखत स्टेजवर आणते, आणि ते घासलेलंही पुरुषानंच असेल.

हेडमास्तरांनी हरकत घेतली नाही. त्यांनी फक्त विचारलं, चिलखतासाठी पत्रा कुठून आणणार? पत्रा आमच्या घरामागेच पडलेला होता. सासऱ्यांचं गुऱ्हाळ होतं, त्याची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची कढई. ऊस कारखान्याला जायला लागला तसं गुऱ्हाळ बंद झालं, सासरे गेले, आणि ती भलीमोठी लोखंडी काहील पालथी पडून राहिली. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालायच्या. पण विचारायला हवं होतं, कारण ती आत्याबाईंची होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सत्तरीच्या, माहेर मेंढ्या राखणाऱ्यांचं, गुडघे कामातून गेलेले, जीभ शाबूत.

"न्या की," त्या म्हणाल्या. "मला काय करायचीय? अर्धं आयुष्य गेलं माजं तिच्यात, घासू घासू."

गुऱ्हाळ चालू असताना रोज संध्याकाळी काहील घासायचं काम त्यांचंच होतं. रस्त्याच्या कडेला, उकिडवं बसून, वाळू आणि राख घेऊन. लोक गरम गूळ न्यायला यायचे, गुळाचा पिवळाधमक रंग बघायचे आणि सासऱ्यांची तारीफ करून जायचे. हे त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. ऊन जास्त आहे असं आपण म्हणतो, तसं सांगितलं.

लोहाराने काहील कापली. मी मोबाइलवरचं चित्र दाखवल्यावर त्याने एकच विचारलं, "कोन्या देवाचं हाय हे?" खांद्याच्या आणि पोटाच्या पट्ट्या त्याने हौसेनं केल्या, चांभाराकडून वाद्या आणल्या, दप्तरांची जुनी बक्कलं लावली. सातव्या पट्टीला त्याचा धीर संपला, आणि छातीचा भाग त्याने एकाच तुकड्यात, किंचित गोलावा देऊन उरकला. खऱ्या रोमन माणसाने कपाळावर हात मारून घेतला असता. उलटा ठेवला तर तो तुकडा उथळ परातीसारखा दिसायचा. पण लोहाराने मशिनीवर पॉलिश मारून दिलं, आम्ही वरून करडईचं तेल चोळलं, आणि चिलखत असं झळकलं की रस्त्याने जाणारी माणसं सायकलवरून उतरून बघायला लागली.

मग आली खंडेनवमी. घरातल्या विळ्या, कोयता, कुऱ्हाड सगळं पुजायचं असतं. आत्याबाईंच्या मते चिलखत हे शस्त्रच होतं, आणि तेही घरातलं सगळ्यात मोठं. त्यांनी ते पाटावर मांडलं, तेल पुसून काढून स्वच्छ पाण्याने धुतलं, हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि वर ओल्या झेंडूची माळ घातली. पुजलेलं शस्त्र दसरा झाल्याशिवाय हलवायचं नाही. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या लोकांनी आपट्याची पानं त्याच्यावर ठेवली. शेजारणीने दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि दह्याचं बोटही लावलं. दोन दिवसांत आमच्याकडे एक नवा देव बसला होता, आणि देव म्हटल्यावर उचलायचा कुणी? मला सगळं दिसत होतं. लोखंड, पाणी, दही, काय होणार हे मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवलं असतं. पण आत्याबाई म्हणाल्या की मुहूर्त बघितल्याबिगर हलवलं तर घरात वर्षभर भांडणं होतात, आणि आमच्या घरात आणखी भांडणांना जागा नव्हती. मी हात लावला नाही.

कोजागिरीला माळ काढली तेव्हा छातीवर झेंडूची तांबूस गोल गोल चित्रं उमटली होती. पट्ट्यांच्या खाली, वाद्यांच्या कडेने सगळीकडे गंज. ह्यांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "तुझ्या रोमनला गोवर उठलाय."

ते चिलखत मी घासलं. पुरुष घासेल असं वर्गाला सांगून बसले होते, पण गंज थांबायला तयार नव्हता. शनिवार, रविवार आणि पुढचे तीन दिवस शाळेतून आल्यावर, विटेचा भुगा, चिंच, गोदावरीची बारीक वाळू, नारळाची शेंडी. घरची भांडी होतीच. बुधवारी अंगठ्याच्या मुळाशी मनगट सुजलं. गुरुवारी फळ्यावर 'सम्राट' लिहायला घेतलं आणि 'स'ची गाठ मारताना हातातून खडू गळून पडला. मुलं हसली. मीही हसले, पण आतून घाबरले.

परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की सहा आठवडे पट्टा बांधायचा. घासणं, पिळणं, मळणं काही नाही. ऐकलं नाही तर शीर कापून मोकळी करावी लागेल, आणि मग हाताची पकड पहिल्यासारखी राहीलच असं नाही. मी विचारलं, खडू? ते म्हणाले, ते तुमच्यावर आहे. मला दुसरं काही येत नाही. शेतातलं येत नाही, शिवण येत नाही, स्वयंपाक तर विचारूच नका. फळ्यासमोर उभं राहून मेलेल्या राजांवर बोलणं एवढंच येतं.

भांड्यांना बाई मिळेना. कापूस वेचणीचे दिवस, गावातली प्रत्येक बाई रानात. आमची मुलगी परभणीला वसतिगृहात शिकायला. मग आत्याबाईंनी भांड्यांची पाटी ओढली. आमची मोरी अंगणात आहे, रस्त्याच्या दाराच्या अगदी समोर. त्या भिंतीला धरून खाली बसायच्या आणि उठताना दोनदा मध्येच थांबायच्या. हे तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आईला त्रास व्हायलाय, बघ जरा." मला म्हणाले. पट्टा बांधलेल्या हाताकडे बघत म्हणाले.

आणि चिलखताचं काय झालं? तर ते ह्यांनी हातात घेतलं. हेडमास्तरांनी त्यांना गॅदरिंगच्या नाटकात रोमन सेनापतीची भूमिका दिली होती. शिट्टीवाल्या माणसाला तलवार मिळाल्यावर काय होतं ते मी जवळून बघितलं आहे. रोज संध्याकाळी पाचला ओट्यावर पोतं अंथरून बसायचे. आधी वाळू, मग वजरी, मग कोरडं फडकं. तेल लावूनही गंज परत येतो म्हणून ते हैराण झाले, तेव्हा आत्याबाईंनी माहेराहून न धुतलेल्या लोकरीचा पुंजका मागवला. ती लोकर हातात धरली की हात तेलकट होतो. वास मात्र मेंढीचाच.

"हे चोळ," त्या लेकाला म्हणाल्या. "मेंढीला पानी लागत न्हाई, मग लोखंडाला कामून लागंल?"

खरंच गंज थांबला. पुढे वाचलं तर लोकरीतलं हे तेल रोमन लोकांनाही माहीत होतं. ते चिलखताला लावायचे की नाही, ते मला सापडलं नाही. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "लावत आसतील. यडे थोडेच व्हते?"

ओट्यावर माणसं जमायला लागली. "सर, लय मेहनत घ्यायलात," कुणीतरी म्हणायचं, आणि सर घासता घासता सांगायचे, "रोमन सैनिक आपलं चिलखत आपणच घासायचा. कितीबी मोठा आसू दे. म्हणून तर जग जिंकलं त्यांनी." हे सगळं मीच त्यांना सांगितलेलं. मुलींना दाखवायला मला हेच हवं होतं, एक गडी माणूस, स्वतः, सगळ्या गावासमोर. त्या येताजाता थांबून बघायच्या आणि माझ्याकडे बघून माना डोलवायच्या. मी आत बसून ऐकायचे. बाहेरून वाळूची खरखर, आणि अंगणातून, आत्याबाईंच्या हातातून, परातीची खरखर. दोन्ही आवाज सारखेच होते. एकाला गर्दी होती.

एके दुपारी आत्याबाई मोरीजवळ उठताना मागे बसल्या, पाय पसरून, परात मांडीवर. लागलं काही नाही. पण त्यानंतर मला ते बघवेना. दुपारी शाळेतून मधल्या सुट्टीत घरी यायचे, त्या झोपलेल्या असायच्या, तेवढ्यात पट्टा सोडून भांडी उरकायचे. चार दिवस. पाचव्या दिवशी अंगठा हलेना. पुन्हा परभणी. डॉक्टरांनी या वेळी चष्म्यावरून बघितलंही नाही. "अजून एकदा आसं करून आलात तर सरळ तारीख देतो, बाई," म्हणाले. येताना एसटीत कंडक्टरने तिकीट पुढे केलं आणि अंगठा नि बोट यांच्यात मला ते कागदाचं चिटोरं धरता आलं नाही. ते खाली पडलं. शेजारच्या बाईने उचलून दिलं. गंगाखेडपर्यंत मी रडले, आणि गंगाखेडच्या पुढे मला राग आला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. चिलखताच्या बक्कलाला चिंच चोळता चोळता त्यांनी ऐकून घेतलं.

"मंग घासू नको ना," ते म्हणाले. "तुला कुनी सांगितलं व्हतं?"

मी मनगटाचा पट्टा घट्ट केला आणि आत गेले. चौदा वर्षांत माझ्या न बोलण्याला घाबरायला त्यांनी शिकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आत्याबाईंनी भाकरी थापल्या, वांग्याची तर्रीदार भाजी केली. मी आतल्या खोलीत गेले. खुंटीवरून चिलखत काढलं, डाव्या हाताने आणि दाताने बक्कलं सोडली, छातीचा तुकडा वेगळा केला. गरम पाण्याने लोकरीचं तेल पुसलं. तो उलटा करून ह्यांच्या पाटापुढे ठेवला. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, ठेचा. मधोमध भाजी, चांगली दोन पळ्या. कडेला भाकरी. काहीलीचंच लोखंड ते, अन्न त्याला नवीन नव्हतं.

हे आले, बसले, भाकरीला हात घातला आणि थबकले.

"हे काय?"

"ताट."

"डोकं फिरलंय का तुजं? मीठ हाय भाजीत! लिंबू हाय! गंज चढंल त्याला!"

"चढंलच," मी म्हणाले. "म्हणून जेवण झालं की लगेच घासावं लागंल. तुमाला येतं की. सगळ्या गावानं बघितलंय."

त्यांनी आत्याबाईंकडे बघितलं. चौदा वर्षांत आमच्या प्रत्येक भांडणात त्यांनी असंच बघितलं आहे आणि प्रत्येक वेळी तिकडून मदत आली आहे. आत्याबाईंनी कढई उचलली आणि चिलखतात आणखी एक पळी भाजी वाढली.

"जेव," म्हणाल्या. "निवायलंय."

ते जेवले. रागाने, भराभर, वांग्याचा देठसुद्धा न सोडता. जेवण झाल्यावर सवयीने तांब्याकडे हात गेला. लोखंडात पाणी ओतायच्या आधी तो हात हवेतच थांबला. मग ते उठले, नळापाशी गेले आणि तिथे हात धुतला. लग्नानंतर पहिल्यांदा. परत येऊन त्यांनी छातीचा तुकडा उचलला, अंगणात नेला, मोरीपाशी उकिडवे बसले आणि राख घेतली. आम्ही दोघी दारात उभ्या राहून बघत होतो. हात चांगला चालायचा त्यांचा, खोटं कशाला बोलू. कडेने आधी, मग मध्ये, बोटांच्या पेरांनी.

आत्याबाई आत गेल्या. स्वतःचं ताट घेऊन आल्या, आणि माझंही. दोन्ही त्यांनी लेकाच्या पुढ्यात ठेवली. मला वाटलं आता हे उठून ओट्यावर जाणार. माझं मनगट ठणकत होतं आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, उठू नका. एवढ्या वेळेला उठू नका. ह्या हाताशिवाय माझ्याकडे काही नाही.

ते उठलेच. पण ओट्यावर गेले नाहीत. रस्त्याच्या दारापाशी गेले, बाहेर कुणी आहे का ते वाकून दोन्ही बाजूंना बघितलं, दार लोटलं आणि आतून कडी घातली. मग परत येऊन बसले आणि माझं ताट हातात घेतलं.

मला ते चाललं असतं. खरं सांगते, बंद दाराआडही चाललं असतं. मी तेवढ्यावर खूष होऊन आत निघालेही होते. आत्याबाईंना मात्र चाललं नाही. त्या गुडघ्यावर हात ठेवत, भिंत धरत, अंगण ओलांडून दारापर्यंत गेल्या. कडी काढली आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या. मग तिथेच उंबऱ्यावर बसल्या, रस्त्याकडे पाठ करून, लेकाकडे तोंड करून.

"आई, लोक बघतील," हे म्हणाले.

"बघू दे," आत्याबाई म्हणाल्या. "काहील म्या रस्त्यावरच घासली."